बांधलेलं शीड

‘हेस्पर’ युद्धनौकेची सगळी शिडं जेबेझ ट्रेलोरने आपल्या हातांनी शिवली होती. पूर्वी कप्तान त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचा. पोर्ट्समथ बंदरात जहाजाला वाफेचं इंजिन बसलं, तेव्हापासून तो हात इंजिनवाल्या गेडिसच्या खांद्यावर असे, आणि जेबेझचा जळफळाट होई.

त्या दुपारी वारा पडला होता. शिडं गुंडाळून बांधलेली, खाली इंजिन धडधडत होतं. गेडिस हवा खायला वर आला.

“काय म्हातारबा, तुझ्या चादरींना आज सुट्टी?”

जेबेझने मान वर केली. मधल्या डोलकाठीवर घट्ट बांधलेलं शीड इंजिनाच्या ठोक्यावर फुगत होतं, बसत होतं.

तो वर चढला. कापड कोमट लागलं, आणि त्याच्या हाताखाली ते अंग चोरल्यासारखं आक्रसलं.

“माझ्या शिडाला काय केलंस रे?” तो वरून ओरडला. “बंद कर ते इंजिन!”

डेकवरच्या कप्तानाने खाली इंजिनघराला खूण केली. इंजिन थांबलं, पण शीड थांबलं नाही. ते धापा टाकू लागलं, त्याच्या शिवणी करकरू लागल्या.

जेबेझने त्याला कवटाळलं. “मी आहे गं,” तो पुटपुटला. “मीच शिवलंय तुला.”

गेडिस चढून आला. त्याचं हसू मावळलं होतं. भीतभीत त्याने आपला तेलकट पंजा कापडावर टेकला.

शीड एकदम शांत झालं. मग जेबेझच्या मिठीतून हलकेच सुटून ते त्या पंजाकडे झुकलं.