कुणाच्या घरची

अमरेश आणि फिरदोसच्या ग्रुपमधली पोरं गल्लीतल्या हिंदू-मुसलमान सगळ्या घरांतून कडक भाकऱ्या गोळा करायची आणि एकाच टोपलीत घालून सरकारी दवाखान्यात वाटायची. कुणी विचारलंच, "कुणाच्या घरची?" तर उत्तर एकच, "सोलापूरची." हे उत्तर अमरेशनंच ठरवून दिलं होतं.

परवाच्या दगडफेकीनंतरही टोपली बंद पडली नव्हती. त्याच आठवड्यात अमरेशची आई, गुरम्मा, पाय मोडून त्याच दवाखान्यात दाखल झाली. फिरदोसनं टोपलीतली भाकरी तिच्या आमटीत चुरून दिली.

"कुणाच्या घरची गं?" गुरम्मानं विचारलं.

फिरदोस तोंड उघडायच्या आत अमरेश घाईनं म्हणाला, "आपल्याच घरची हाय अव्वा. खा."

गुरम्मानं सावकाश एक घास खाल्ला.

"आपल्या घरात भाकरी थापणारी मी एकटी. आन मी तर हितं पडलीय." तिनं दुसरा घास घेतला. "फिरदोसच्या आईच्या हातची हाय ही. लई वरसं खाल्लीय मी. न्हाय म्हटलं असतं व्हय रे मी?"

अमरेशनं मागं वळून पाहिलं. टोपली कॉटखाली ठेवून फिरदोस निघून गेली होती.