गावावरचा तारा

तारा क्षितिजाकडे झुकताना हवा त्याचा किती उजेड खाते, एवढंच मी डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत मोजते. दिवाळीनंतर खालचं गाव घरांना कुलपं लावून ऊसतोडीला जातं. चुली थंड, हवा स्वच्छ. म्हणून आम्ही हेच महिने धरतो.

यंदा मात्र रोज साडेसातला गावाच्या बाजूला झुकलेला तारा मंद होतो आणि आठला पुन्हा उजळतो. एरवी असं गाव भरलेलं असतानाच होतं, चुलींच्या धुरानं.

आमचे चौकीदार बजरंगभाऊ त्याच गावचे. काल त्यांना विचारलं, "गावात कुणी मागं राहिलंय का?"

"कुणीच न्हाई. म्हातारेबी ट्रॅक्टरात घालून नेलेत. सगळी कुलपं म्या सोता बघून आलो."

आज मी दुर्बीण थेट डोक्यावरच्या ताऱ्याकडे वळवली. तिथवर चुलीचा धूर जात नाही. साडेसातला तोही मंद होऊ लागला. घुमटात भाकरीचा खरपूस वास आला.

दाराशी बजरंगभाऊ तांब्यातल्या पाण्यानं हात धूत होते.

"गावातनं जेवायला बोलवायलेत, म्याडम," ते म्हणाले. "तुमचंबी ताट वाढलंय."