आपोआप बरी

"छिद्र बुजवायचं नाही," डॉक्टर म्हणाला.

लेक त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मांडीतून नळी घालून हृदय तपासलं होतं, त्याचा निकाल आज होता. ऑपरेशनची तारीख घेऊनच घरी जायचं, असं ठरवून ती आली होती. आईला तिनं बाहेर बसवलं होतं. पण दाराबाहेर जाण्याआधी आईनं डॉक्टरला ऐकवलंच: तान्ही असताना पोर दूध ओढताना घामानं भिजायची, खोकला पाठ सोडत नव्हता, तेव्हाच्या डॉक्टरांना नुसती कापायची घाई, आपण बधलो नाही, आणि तिसऱ्या वर्षी खोकला आपोआप गेला, पोरीनं अंग धरलं.

"म्हणजे कधी बुजवायचं?"

"कधीच नाही."

मग त्यानं समजावलं. छिद्रातून जन्मापासून फुप्फुसात जोरानं रक्त घुसत होतं. वेळेवर बुजवलं असतं तर भागलं असतं. मार खाऊन खाऊन फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांनी आपल्या भिंती जाड केल्या. आता त्या इतक्या आवळल्यात की रक्त आत शिरत नाही, छिद्रातून उलटं फिरतं. ती वाट बंद केली तर हृदयच बंद पडेल. गोळ्या आहेत. दम थोडा कमी लागेल.

"आणि तिसऱ्या वर्षी बरी झाले होते, ते काय होतं?"

डॉक्टरनं पेनाला टोपण लावलं. "बरी नव्हती झालीस. वाहिन्या जाड व्हायला लागल्या, रक्त कमी जायला लागलं, म्हणून खोकला थांबला. तिथंच वेळ हातची गेली."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. टेबलावरचं प्लॅस्टिकचं हृदय उचलून भिंतीवर फेकावंसं वाटलं. पण शिव्या घालायच्या तरी कुणाला? बाहेर बसलेल्या त्या बाईला? जन्मभर जिंकले जिंकले म्हणत आलेल्या बाईला?

आईला हे सांगू नका, एवढंच ती बोलली. बरं, म्हणाला तो. त्याचं काय जातंय.

बाहेर बाकावर आईच्या मांडीवर कुणाचं तरी बाळ होतं. शेजारी त्याची आई, कोवळी पोर, रडून डोळे सुजलेले. त्याच्याही हृदयाला छिद्र होतं आणि ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. लेकीची आई रंगात आली होती.

"अगं, आमचीही अशीच होती. तिसऱ्या वर्षी आपोआप बरी झाली. ही बघ, उभी आहे ना समोर धडधाकट? एवढ्याशा जिवाला कशाला फाडून घेतेस?"

त्या पोरीनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदाच सैल झाला. "खरंच, ताई? ऑपरेशन न करता?"

हो म्हणावं आणि आईचा हात धरून चालू लागावं, असं लेकीला वाटलं. एक शब्द तर होता. बाळानं श्वास ओढला. बरगड्यांखाली हा एवढा खळगा पडला.

"नाही," ती म्हणाली. "मी बरी झालेच नाही. खोकला थांबला तो फुप्फुसं बिघडली म्हणून. आता माझं ऑपरेशन होत नाही, आत्ताच आत सांगितलंय. तुमची तारीख चुकवू नका, ताई. हिचं ऐकू नका."

त्या पोरीनं बाळ जवळजवळ ओढूनच घेतलं आणि ती बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

आईचे हात तसेच राहिले, कोपरात वाकलेले, रिकामे. लेक तिच्याशेजारी बसली. आई आता रडेल, नाहीतर भांडेल, म्हणून वाट बघत राहिली.

"दर खेपेला मी इथं बसते," आई म्हणाली. "कितीजणींना सांगितलं गं मी हे."