पाचव्या पेल्याचा घोट

"पाय हलवू नकोस, टेबल हलतंय," तिचा भागीदार फुगा म्हणाला.

तिने पाय थांबवला. दुसरा हलायला लागला.

हॉलच्या पुढच्या टोकाला तीन परीक्षक बसले होते. समोर काळ्याकुट्ट स्टाउट बिअरचे पेले, प्रत्येकावर नुसता नंबर. पाचवा यांचा. स्टाउट तिने बनवलेली, गॅरेज फुग्याच्या काकाचं, दोघांची दोस्ती गॅरेजपुरती, घरच्यांची ओळख नाही. जिंकले तर स्वतःची जागा. हरले तर काका तिथे परत गाडी लावणार.

"मधला म्हातारा बघ," फुगा कुजबुजला. "बाकीचे दोघं मस्त गिळतायत, हा प्रत्येक घोट बादलीत थुंकतोय. नखरे नुसते."

"गप रे."

"ऐन वेळी आलाय, कुणाच्या तरी जागी. एकेकाळी याच्या जिभेपुढे कुणाचं चालायचं नाही म्हणे. मग सोडलंच सगळं."

"माहितीय मला."

म्हाताऱ्याची करंगळी पेल्यावर थरथरत होती. शर्टाची वरची गुंडी भलत्याच काजात होती. फुग्याला यातलं काही दिसत नव्हतं.

फोन थरथरला. आई.

"सगळं ठीक ना गं?"

"आतापर्यंत तरी."

"माझ्या जिवाला नुसता घोर लागलाय."

"ठेवते मी."

दुसरा पेला. वास, घोट, बादली. तिसरा, बादली. चौथ्याला तोंड वाकडं, बादली. दर थुंकीला तिचा अडकलेला श्वास सुटत होता.

"चौघांची वाट लागली," फुगा हात चोळत म्हणाला. "आपली गिळली ना, की जिंकलो समज."

ती नखं खात होती.

पाचवा. म्हाताऱ्याने पेल्यात नाक घातलं, डोळे मिटले. घोट घेतला. तोंडात फिरवला. भाजलेल्या बार्लीचा तो कडूपणा जमवायला तिने किती पिंपं ओतून दिली होती. त्याने बादली जवळ ओढली.

आणि थांबला.

गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. पेला पुन्हा तोंडाला लागला, तो रिकामा होऊनच खाली आला. वाढणाऱ्यापुढे त्याने तो परत भरायला धरला.

"अख्खा संपवला," फुगा म्हणाला. "जिंकलो आपण. अगं, कुठे चाललीस?"

खुर्च्या ढकलत ती परीक्षकांच्या टेबलापाशी पोचली होती. म्हाताऱ्याच्या हातातला पेला तिने हिसकावून घेतला.

"बाबा, घरी चला. आई वाट बघतेय."