नाव घेताना

"अण्णांना कॅमेरा कधी धरताच आला नाही," धाकटा मुलगा म्हणाला आणि सगळे हसले. घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी त्याने पेनड्राइव्हवर उतरवून आणल्या होत्या. टीव्हीवर मुंज, वास्तुशांत, डोहाळजेवण असं एकामागून एक चाललं होतं आणि प्रत्येकात मध्येच चित्र गदगदा हलायचं.

प्रमिलाबाईंनाही हसू आलं. अण्णा, म्हणजे त्यांचे दिगंबरराव, पहिल्यापासून घुमे. इतक्या वर्षांत कौतुकाचा एक शब्द तोंडातून निघाला नाही. कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणूनच ही हौस, असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

"अहो, थांबा! जरा मागे घ्या," सून नवऱ्याला म्हणाली. "आई उखाण्यात अण्णांचं नाव घेतात ना, तेवढ्यापुरतंच हलतंय. मुंजीतही आणि वास्तुशांतीतही!"

अण्णांचे कान लाल झाले. ते हातातल्या चहाकडे बघत बसले.

प्रमिलाबाईंनी पदर सावरला. "जुन्या कॅसेटी बघताना वेळ गेला भराभरा, दिगंबररावांचं नाव घेते, कपबशी नीट धरा!"

तरी बशीत चहा सांडलाच.