डावीकडचा कप

प्रयोगशाळेत पिंजऱ्यावरच्या दोन बाटल्यांच्या जागा मी बदलल्या. नुसती सवय की खरी आवड, हे त्याशिवाय कळत नाही. उंदरानं सवयीनं डावी नळी चाटली, साधं पाणी लागताच थबकला आणि वळून उजवीकडच्या साखरपाण्याला जो चिकटला तो सुटेना. महिनाभर गोडाकडे पाठ फिरवलेल्या उंदराच्या तोंडाला औषधानं पुन्हा चव आली होती. मॅडमनी पेढे मागवले.

उदासीवरचं तेच औषध माझा नवराही घेतो. एकेकाळी चहात तीन चमचे साखर लागणारा माणूस आता समोर येईल ते गिळतो. काल मी त्याच्यापुढे चहाचे दोन कप ठेवले, डावा गोड, उजवा बिनसाखरेचा. "दोन्ही चाखून बघ, आवडेल तो पी." त्यानं गोड कप संपवला. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

आज घरी येऊन कपांच्याही जागा बदलल्या. त्यानं दोन्हींतला एकेक घोट घेतला. मग कालच्यासारखाच डावीकडचा कप उचलला आणि बिनसाखरेचा चहा तळापर्यंत संपवला.

कप ठेवताना त्याचं माझ्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं.

"मस्त गोड झालाय गं," तो घाईनं म्हणाला.