कच्चा आवाज

"चौथं गाणं लावू नकोस," त्याची गाणी रेकॉर्ड करणारा मित्र चष्म्या फोनवर म्हणाला. "कुणालाच ऐकवू नकोस. माझ्या हातून घोळ झालाय."

मोबाइल कानाला लावून तो आपल्या घरी, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होता. बाहेरच्या खोलीत बाबा स्पीकरच्या दोन तारा पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळत होते. ते वायरमन होते. टेपचा शेवटचा पदर ते अंगठ्याने असा दाबत, की जोड शोधूनही सापडू नये. मुलाची पहिली सहा गाणी सकाळी दहा वाजता इंटरनेटवर सर्वांसाठी खुली झाली होती, आणि ती मोबाइलच्या किरट्या आवाजात ऐकायची नाहीत, असे त्यांनी आठवडाभर आधीच जाहीर केले होते.

"कसला घोळ?"

"गाईड राहिलंय रे. तुझा पक्का आवाज बंद राहिला आणि गाईड चालू. तसंच गेलं ते."

गाईड म्हणजे कच्चा आवाज. वाद्ये बसवताना ताल सुटू नये म्हणून तो आधी गाऊन ठेवतात आणि मागाहून पुसून टाकतात. चष्म्याच्या खोलीत, भिंतींना टेकवून उभ्या केलेल्या गाद्यांच्या मधोमध, त्याने तो एकदाच गायला होता. कुणी ऐकणार नव्हते. म्हणून गाणे जसे सुचले तशाच शब्दांत गायला होता. पक्क्या आवाजाच्या वेळी त्याने शब्द बदलले. 'वारा आला, वारा आला, कपडे आत घ्या, दारं लावा.' लोकांपर्यंत जायचे होते ते हे. पण वारा नंतर आला होता. आधी त्या जागी बाबा होते.

"काढून टाक ना," तो कुजबुजला.

"बदलायला टाकलंय. दोन दिवस लागतील म्हणतात."

"कुणाचा फोन?" बाबांनी वर न पाहता विचारले.

"चष्म्याचा. अभिनंदन करत होता."

स्पीकर दिवाणावरच्या फळीवर चढला. त्याखाली दिवाणावर आई आणि ताई बसल्या. आत्या समोरच्या खुर्चीत होती. भाच्याची गाणी ऐकायची म्हणून ती सकाळच्या पहिल्या बसने आली होती. "लाव रे लवकर," ती म्हणाली. "आपल्या घराण्यात आजवर फक्त कुकरनेच सूर लावलाय."

बाबा हसले. मग आई हसली, मग ताई.

पहिली तीन गाणी बाबांनी डोळे मिटून ऐकली. मध्ये ताईने पाय हलवला तेव्हा त्यांनी नुसती मान वळवली आणि पाय थांबला. तिसरे संपले तसे ते आत्याला म्हणाले, "अक्का, बघ, एकेक शब्द कळतोय. नाहीतर हल्लीचे गाणारे! तोंडात गुळणी धरल्यासारखे गातात."

"बाबा, चौथं सोडून देऊ," तो म्हणाला. "त्यात बिघाड आहे."

"बिघाड?" त्यांचा चेहरा उजळला. "मग तेच लाव. बिघाड शोधण्यात जन्म गेला माझा."

"खरंच नको. नीट झालेलं नाही ते."

"लाव म्हटलं ना."

आवाज चढला नव्हता. पण आईने मान खाली घातली. त्याचा अंगठा घामाने इतका ओला झाला होता, की मोबाइलच्या पडद्याने पहिला स्पर्श ओळखलाच नाही. तेवढ्या अवधीत काही घडावे, वीज जावी, दारावर कुणी यावे, असे त्याला वाटले. मग त्याने अंगठा सदऱ्याला पुसला आणि पुन्हा टेकवला.

आधी एक श्वास ऐकू आला. मग त्याचाच आवाज, न घासलेला, थोडा फाटलेला.

*जिन्यात पाऊल वाजलं,*
*बाबा आले, बाबा आले,*
*हसणं आत घ्या, दारं लावा.*

आत्याच्या ओठांवर मघाचे हसू तसेच राहून गेले होते; ते कुठे ठेवावे हे तिला सुचत नव्हते. ताईने भावाकडे पाहिले. इतक्या वर्षांत दोघे याविषयी एक अक्षर बोलले नव्हते. आई फरशीकडे पाहत होती. खोलीत कुणाचाच श्वास ऐकू येत नव्हता. येत होता तो फक्त स्पीकरमधून, ओळी-ओळींच्या मध्ये.

*बाबा आले, बाबा आले...*

बाबांनी डोळे उघडले. ते उठले, दिवाणाजवळ गेले, आणि त्यांचा उजवा हात वर गेला.

आईने खांदे वर घेऊन डोळे मिटले. ताईचे गुडघे छातीशी आले आणि कोपर चेहऱ्यासमोर. तो स्वतः मागे सरकून भिंतीला टेकला होता, हे त्याला पाठीला गारवा लागला तेव्हा कळले. तिघांनी ते एकाच क्षणी केले; कुणी कुणाकडे पाहिले नव्हते.

हात फळीवरच्या स्पीकरच्या बटणाकडे निघाला होता.

आत्या तेवढी हलली नाही. तिने त्या तिघांकडे पाहिले, एकेकाकडे, सावकाश. मग धाकट्या भावाकडे पाहिले.

"तू पण?" ती म्हणाली. "आपल्या अण्णांसारखाच? बापाचंच उचललंस?"

बाबांचा हात बटणापर्यंत पोहोचला नव्हता, पण त्यांना तो खालीही आणता येईना. तो किंचित हलला, की आईच्या पापण्या पुन्हा घट्ट होत होत्या. ते त्यांना, इतक्या जवळून, दिसत होते.